वाफ घेऊनही मुरुम परत येतात? गडबड कुठे आहे ते असं शोधा

बेळगावात शहापूर भागात आमचं औषधाचं दुकान आहे. कॉलेजच्या मुली, वडगावात मागावर काम करणाऱ्या बायका, येळ्ळूर-कडोलीकडची पोरं, खरेदीला चंदगड-खानापूरहून आलेली मंडळी, सगळ्यांची तक्रार जवळपास सारख्याच शब्दांत येते. "वाफ घेतली की दोन दिवस चेहरा छान वाटतो, मग परत पुळ्या उठतात. आधीपेक्षा जास्तच." यावर घरोघरी ठरलेला उपाय म्हणजे आणखी वाफ. आठवड्यातून एकदा घेणारी मुलगी दिवसाआड घ्यायला लागते. पाण्यात लिंबू पडतं, मग बाम पडतो, आणि महिन्याभरात चेहरा लाल होतो, सोलतो, मुरुम मात्र तिथेच.

वाफ घ्यायला माझा विरोध नाही. नीट घेतली तर तिचा थोडा उपयोग होतो. पण मुरुम पुन्हा पुन्हा येत असतील तर वाफ वाढवण्याआधी ते येतात कशामुळे हे शोधायला हवं, आणि बहुतेक वेळा ते घरच्या घरी शोधता येतं.

वाफेचं काम कुठे संपतं

त्वचेच्या आत, केसाच्या मुळाशी तेलाच्या ग्रंथी असतात. वयात येताना अँड्रोजेन हार्मोनमुळे त्या जास्त तेल सोडतात. मृत पेशी त्या तेलात चिकटून बसतात, रंध्राचं तोंड बुजतं, आत क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचे जिवाणू वाढतात आणि सूज येते. आज आरशात दिसलेल्या मुरुमाची सुरुवात कित्येक आठवड्यांपूर्वी झालेली असते. काल खाल्लेल्या भज्यांना बोल लावायचं कारण नाही.

वाफेने वरचा थर ओला आणि मऊ होतो, रंध्राच्या तोंडाशी घट्ट झालेलं तेल सैल होतं आणि चेहरा धुतला की त्यातलं काही निघून जातं. रक्तप्रवाह वाढतो म्हणून चेहरा तुकतुकीत दिसतो. ते दोन दिवस छान वाटतं ते यामुळेच. वाफेने रंध्रं उघडतात आणि थंड पाण्याने बंद होतात असं सर्रास सांगितलं जातं, पण रंध्राला दारासारखं उघडमीट करणारा स्नायूच नसतो. वाफ तेलाच्या ग्रंथीपर्यंत पोचत नाही, तेल बनणं थांबवत नाही, जिवाणूही मारत नाही. नाकावरचे काळे ठिपके म्हणजे साचलेला मळ, हाही गैरसमज आहे. रंध्रात अडकलेला ऐवज हवेच्या संपर्कात येऊन काळा पडतो, म्हणून कितीही घासलं तरी तो जात नाही.

हंगामात निपाणी-चिक्कोडीकडच्या गुऱ्हाळावर काहिलीसमोर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा दिवसभर वाफेत असतो. वाफेने मुरुम बरे होत असते तर त्याला कधी मुरुम आलेच नसते. उलट ऊन, घाम आणि दमट हवेत मुरुम भडकतात. म्हणून पावसाळ्यात, विशेषतः खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात जिथे चार महिने कपडे वाळत नाहीत, तिथे वरून आणखी वाफ घेण्याला फारसा अर्थ नाही.

वाफेनंतर दोन-तीन दिवसांत दुखऱ्या गाठी उठतात

अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी विचारते, "वाफ झाल्यावर दाबतेस काय?" बहुतेक वेळा उत्तर हो असतं.

वाफेनंतर त्वचा मऊ असते, पांढरं टोक वर आलेलं दिसतं आणि हात राहवत नाही. दोन्ही बाजूंनी नखं टेकवून दाबलं की थोडं बाहेर येतं, म्हणून काम झालं असं वाटतं. पण त्याच वेळी रंध्राची नाजूक भिंत आतल्या बाजूला फुटते आणि तेल, पेशी, जिवाणू सगळं शेजारच्या त्वचेत सांडतं. शरीराला ते परकं वाटतं, जोराची सूज येते, आणि दोन दिवसांनी तिथे आधीपेक्षा मोठी, खोल, हात लावला तरी ठणकणारी गाठ असते. लोक म्हणतात, वाफेने आतली घाण वर आली. खरं तर ती गाठ दाबल्याने झालेली असते.

आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत याची किंमत जास्त मोजावी लागते. मुरुम आठवड्यात बसतो, पण त्याचा तपकिरी डाग कित्येक महिने राहतो, आणि खोल सूज आली असेल तर कायमचा खड्डा पडतो. डागांवर दुकानात जेवढा पैसा खर्च होताना मी बघते, त्यातला बराचसा दाबणं थांबवलं असतं तर वाचला असता. पार्लरमध्ये काढून घेणार असाल तर सुईसारखं ते अवजार आधीच्या बाईच्या चेहऱ्यावरून तसंच तुमच्याकडे येतंय का, ते विचारा. विचारायला लाजू नका. आणि लाल, सुजलेला, पू धरलेला मुरुम कुणालाच दाबू देऊ नका.

चार आठवडे एक करून बघा. वाफ घ्या, चेहरा धुवा, आणि नंतर आरशासमोर थांबू नका. नवीन गाठी कमी झाल्या तर दोष कुठे होता ते कळेल.

चेहरा लाल होतो, चुरचुरतो, सोलतो

इथे तीन गोष्टी तपासायच्या: पाण्यात काय घालता, किती वेळ आणि किती वेळा घेता, आणि नंतर काय लावता.

सर्दीला वाफ घेताना बाम किंवा निलगिरीचं तेल घालायची सवय असते, तीच मुरुमांसाठीही चालू राहते. त्यातला कापूर, मेंथॉल आणि तेलाचे अंश गरम वाफेबरोबर चेहऱ्यावर आणि डोळ्यांत जातात आणि त्वचा चिडते. लिंबाची साल, पुदिन्याचा अर्क, सुगंधी तेलाचे थेंब यांचीही तीच गत. कडुलिंबाचा किंवा तुळशीचा पाला घातला तर सहसा त्रास होत नाही, पण त्याने मुरुम जातील अशी आशा धरू नका. नुसतं पाणी सगळ्यात बरं.

बोअरच्या पाण्याबद्दलही मला विचारतात, कारण शहराच्या कडेच्या नव्या वसाहतींत आणि गावांत तेच पाणी येतं. त्या जड पाण्यातले क्षार वाफेबरोबर वर येत नाहीत, ते पातेल्याच्या बुडाला पांढरा थर धरून बसतात. त्यामुळे वाफेला ते चालतं. अडचण धुताना येते. जड पाणी आणि अंगाचा साबण एकत्र आले की चेहऱ्यावर चिकट थर राहतो, त्वचा ओढल्यासारखी होते, आणि मग बाई आणखी घासते. अशा घरी साबणाची वडी चेहऱ्याला लावूच नका, सौम्य फेसवॉश वापरा.

वेळेचं म्हणाल तर पाच मिनिटं, फार तर आठ, आणि आठवड्यातून एकदा. कोरडी त्वचा असेल तर पंधरवड्यातून एकदा. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची हवा थंड आणि कोरडी असते, तेव्हा वाफेनंतर त्वचेतलं पाणी झपाट्याने उडतं. चेहरा टॉवेलने टिपून, अंगावर थोडा ओलावा असतानाच हलकं मॉइश्चरायझर लावलं नाही तर तासाभरात चेहरा ताणतो. "तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर कशाला?" असं मुली विचारतात. वाफ, फेसवॉश आणि मुरुमांची औषधं या तिन्हींनी त्वचेचं वरचं संरक्षण कमी होतं, म्हणून लागतं. ट्यूबवर नॉन-कॉमेडोजेनिक, म्हणजे रंध्रं न बुजवणारं, असं लिहिलेलं घ्या, जेलसारखं हलकं घ्या.

वांग असेल, गाल सारखे लालबुंद होत असतील, इसब असेल किंवा चेहऱ्यावर आग होत असेल, तर वाफ घेऊच नका. उष्णतेने हे सगळे त्रास वाढतात.

कपाळावर एकसारख्या बारीक पुळ्या

आधी तेल बघा. शाळा-कॉलेजच्या मुलींच्या वेण्या आणि सकाळी डोक्यावर थापलेलं खोबरेल, यात आजीचं प्रेम आहे, पण ते तेल घामाबरोबर कपाळावर उतरतं आणि रंध्रं बुजवतं. केसांच्या रेषेलगत, कपाळावर आणि कानशिलावर पुळ्या जास्त असतील तर चेहऱ्याला काही लावण्याआधी तेलाची वेळ बदला. रात्री नाही, दिवसभरही नाही. न्हाण्याआधी तासभर लावा आणि शाम्पूने नीट काढा. वेण्या घाला, कुणाची ना नाही.

दुसरी शक्यता बुरशीची असते. मालासेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच त्वचेवर असते. घाम, दमट हवा आणि तेल मिळालं की ती केसांच्या मुळांत वाढते. या पुळ्या सगळ्या एका मापाच्या असतात, काळी-पांढरी टोकं नसतात, आणि मुख्य खूण म्हणजे खाज. कपाळाबरोबर छातीवर आणि पाठीवरही उठतात. यांना वाफ दिली की त्या वाढतात. मुरुमांसाठीच्या अँटिबायोटिक गोळ्यांनीही वाढतात. खाज असेल तर वाफ बंद करा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. बुरशीचं औषध मिळालं की हा त्रास लवकर आवरतो.

क्रीम लावतो तोवर चेहरा गोरा, बंद केलं की पुळ्यांचा पूर

हे मला सगळ्यात जास्त छळतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मैत्रिणीने सुचवलं, शेजारणीने दिलं, कुठल्या तरी दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळालं, असं एक क्रीम असतं. लावलं की आठवड्यात चेहरा उजळतो, मुरुम बसतात. दोन-तीन महिन्यांनी त्वचा पातळ होते, लाल रेषा दिसतात, गालावर केस येतात, उन्हात गेलं की आग होते. थांबवलं की सगळीकडे एकाच वेळी लाल पुळ्या उठतात. घाबरून बाई पुन्हा तेच लावते. आणि मध्ये मध्ये वाफ चालूच असते, त्यामुळे पातळ झालेली त्वचा आणखी भाजते.

त्या ट्यूबमध्ये स्टेरॉईड, म्हणजे सूज तात्पुरती दाबणारं जोरदार औषध असतं. घरातली ट्यूब आणा आणि बारीक अक्षरांतली नावं वाचा: क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. यातलं एकही नाव असेल तर ते मुरुमांचं औषध नाही. मोमेटासोनबरोबर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असलेलं तिहेरी मिश्रण गोरेपणासाठी सर्रास वापरलं जातं. वांगासाठी डॉक्टर ते मोजक्या दिवसांसाठी देतात, पण ती रोज लावायची क्रीम नाही. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशी अनेक स्टेरॉईड मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तुमच्या हातात चिठ्ठीशिवाय पडली असेल तर त्या दुकानदाराला जाब विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

महिनोन्महिने वापरलेलं स्टेरॉईड एका दिवसात फेकून देऊ नका. डॉक्टर ते कमी करत बंद करायला सांगतात आणि मधला भडका आवरायला औषध देतात. या काळात वाफ पूर्ण बंद.

हनुवटी आणि जबड्याच्या रेषेवर, दर महिन्याला

पाळीच्या आधीच्या आठवड्यात हनुवटीवर चार-दोन दुखऱ्या गाठी येणं नेहमीचं आहे. पण पाळी दोन-दोन महिने लांबत असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील, वजन वाढत असेल, तर पीसीओएसची, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होणाऱ्या आजाराची, तपासणी करून घ्या. तिथे दोष हार्मोनचा असतो, वाफेने त्याला काहीच फरक पडत नाही. लग्नाआधी हे सांगायला घरची माणसं कचरतात. मुलीच्या तब्येतीची गोष्ट आहे, आधी डॉक्टर बघा.

पोरांच्या बाबतीत पाठ आणि खांदे बघते. जिममध्ये जाणारा मुलगा पाठभर गाठी घेऊन आला तर मी व्हे प्रोटीनच्या पावडरबद्दल विचारते आणि इंजेक्शनबद्दलही. पावडरीने काहींचे मुरुम वाढतात, अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉईडच्या (स्नायू फुगवणाऱ्या हार्मोनच्या) इंजेक्शनने तर वाढतातच. टीबीची आयसोनियाझिड, फिट्सवरची फेनिटोइन, बी-12 ची इंजेक्शनं यांनीही काहींना मुरुमांसारख्या पुळ्या येतात. पण टीबीची किंवा फिट्सची गोळी स्वतःहून कधीही बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

खाण्याचं एवढंच सांगते: साखर आणि मैद्याने काहींचे मुरुम वाढतात, दुधाचाही काहींशी संबंध दिसतो. कुंदा सणावारी खा. रोजचा साखरेचा चहा चार कपांवरून दोनावर आणा.

मग काय लावायचं

वाफेने होणारं काम वरवरचं असतं. तेल आणि बुजलेली रंध्रं यांवर चालतील अशी साधी औषधं आहेत. काळे-पांढरे ठिपके जास्त असतील तर 2 टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश आणि रात्री 0.1 टक्का अ‍ॅडापालीन जेल. लाल, पू धरणाऱ्या पुळ्या असतील तर 2.5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साईड. अ‍ॅडापालीन कसं लावायचं, किती दिवस, हे डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. गरोदर असाल किंवा मूल व्हायची तयारी असेल तर ते वापरू नका.

अ‍ॅडापालीनचा वाटाण्याएवढा ठिपका पूर्ण चेहऱ्याला पुरतो, नुसत्या मुरुमावर थापायचं नसतं. सुरुवातीचे आठवडे एक दिवसाआड लावा. पहिल्या महिन्यात थोडं सोलेल, काहींना पुळ्या वाढल्यासारख्याही वाटतील. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि आमच्याकडे येणारी निम्मी मंडळी तिसऱ्या आठवड्यात कंटाळून ट्यूब बदलतात. ट्यूब बदलत राहिल्यानेच मुरुम हटत नाहीत, असं मी कित्येक घरांत बघितलंय.

वाफ घेतलेल्या रात्री अ‍ॅडापालीन लावू नका. मऊ झालेल्या त्वचेत ते जास्त शिरतं आणि आग होते. त्या रात्री फक्त मॉइश्चरायझर. बेंझॉइल पेरॉक्साईड कापडाचा रंग उडवतं. उशीचा अभ्रा पांढरा ठेवा, आणि ते लावून हातमागाची चांगली साडी नेसायला जाऊ नका, काठाचा रंग गेला की परत येत नाही.

लग्न पंधरा दिवसांवर आलेल्या मुलींना मी एकच सांगते. नवीन क्रीम नाही, नवीन फेशियल नाही, रोजची वाफ नाही. एखादी मोठी गाठ असेल तर त्वचेचे डॉक्टर त्यात सौम्य इंजेक्शन देतात, ती एक-दोन दिवसांत बसते.

वाफ घ्यायचीच तर

चेहरा आधी धुवा, कॉन्टॅक्ट लेन्स काढा. पाणी उकळलं की गॅस बंद करा, पातेलं खाली उतरवा, भक्कम टेबलावर जाड फडक्यावर ठेवा आणि दोन मिनिटं थांबा. गॅसवरच्या पातेल्यावर कधीही वाकू नका, मांडीवर किंवा गादीवर पातेलं कधीही नको, आणि लहान मूल खोलीत नको. चेहरा पाण्यापासून दोन वीत लांब, डोळे मिटलेले. चटका जाणवला की लगेच मागे. टॉवेलचा तंबू अगदी घट्ट नको, दम्याच्या माणसाने तर तो घेऊच नये. नंतर कोमट पाण्याने धुवा, स्वच्छ टॉवेलने टिपा. घरात सगळ्यांचा एकच टॉवेल असेल तर मुरुम असलेल्या व्यक्तीसाठी वेगळा ठेवा आणि दर दोन दिवसांनी धुवा.

कोविडच्या काळात वाफ घेताना भाजलेली माणसं, त्यातही मुलं, दवाखान्यांत जास्त येऊ लागल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं. साठ अंश सेल्सिअस तापलेलं पाणी सांडलं तर पाच-एक सेकंदांत खोल भाजतं, आणि नुकतं उकळलेलं पाणी त्याहून कितीतरी तापलेलं असतं. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या थंड पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ काहीही लावू नका. फोड आला असेल किंवा डोळ्याजवळ भाजलं असेल तर लगेच दवाखाना.

डॉक्टरांकडे कधी

खोल, दुखऱ्या गाठी असतील, खड्डे पडायला लागले असतील, बारा आठवडे नीट औषध लावूनही फरक नसेल, स्टेरॉईडची ट्यूब वापरली असेल, किंवा चेहऱ्यामुळे मुलगी कॉलेजला जायची टाळत असेल, तर थांबू नका. हे शेवटचं कारण लहान नाही. बेळगावच्या सिव्हिल हॉस्पिटलात त्वचारोगाची ओपीडी आहे, खासगी दवाखान्यांची फी परवडत नसेल तर तिथे जा. सकाळी लवकर पोचा. चेहऱ्यावर पावडर, मेकअप न लावता जा. आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या ट्यूबा आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, रिकामी असली तरी. पाळीच्या तारखा लिहून न्या. डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइन (हट्टी मुरुमांवरची जोरदार गोळी) लिहून दिलं तर रक्त तपासणी आणि गर्भधारणा टाळण्याबद्दल नीट विचारून घ्या, कारण त्या गोळीने गर्भाला गंभीर इजा होते. ती गोळी कुणाची उसनी घेऊ नका, कुणाला देऊही नका.